‘उद्या या’ म्हणणारं यंत्र

प्रत्येक पत्रकाच्या शेवटच्या ओळीत आम्ही लोकांना उठवायचो. वर कापसाचा पडलेला भाव, उशिरा उघडणारी खरेदी केंद्रं, कापसाची प्रत ठरवणाऱ्या ग्रेडरची मनमानी. आणि खाली, जाड ठशात, उठा. पत्रक घेणारा माणूस बहुतेक वेळा आधीच उभा असायचा, एसटी स्टँडवर नाहीतर केंद्राच्या फाटकाशी. वाचून झालं की तो त्याच कागदावर भजी घेऊन खाली बसायचा. मला संताप यायचा. त्याचा नाही, भज्यांचाही नाही. त्याला दिवसदिवस फाटकाशी उभं करणाऱ्यांचा. पण तो संताप लिहायचा कुठं, तर पुढच्या पत्रकात, आणि ते पत्रकही जायचं तिथंच.

आमच्या शेतकऱ्यांच्या संघटनेत माझ्याबरोबर एक मित्र होता. पुसदकडचा. आवाज असा की सभेत माईक बंद पडला तरी मागच्या माणसाला कळायचं नाही. त्या हिवाळ्यात हा आवाज थकला. बहिणीच्या नवऱ्यानं त्याच्यासाठी नागपूरला कुरिअरच्या ऑफिसात जागा धरून ठेवली होती आणि तो ‘जातो’ही म्हणत नव्हता, ‘नाही’ही म्हणत नव्हता.

मग तो पुण्याला चुलतभावाकडे जाऊन आला, ते डोक्यात एक खेळ घेऊन. चुलतभावाच्या कॉम्प्युटरवर त्यानं एक सीडी पाहिली होती. कार्टून नव्हे, त्यात खरीखुरी माणसं होती, सिनेमासारखी. पुढच्या काळातलं जग, कुठंतरी कोंडलेली माणसं, संपत चाललेली हवा. मध्येच गोष्ट थांबायची आणि विचारायची, आता काय करायचं? आपण दाबू ते बटण, तशी गोष्ट वळायची.

“पथनाट्य पाहून लोक टाळ्या वाजवतेत अन् घरी जातेत,” तो म्हणाला. “आता टाळी वाजवाची सोयच ठेवाची नाई. लोकायलेच आत घ्याचं. त्यायनंच ठरवाचं काय कराचं ते.”

“कॉम्प्युटर कुठून आणायचा?”

“कायले पाह्यजे कॉम्प्युटर? मी हाय ना यंत्र.”

आणि मग त्यानं ते सांगितलं, ज्यापायी हे सगळं माझ्या लक्षात राहिलं. “तीन ठिकानी करू. एका तरी ठिकानी लोकायनं आपन न सांगता यंत्र फोडलं, त मी राह्यतो. नाईतर यवतमाळची गाडी, तिथून नागपूर. मंग मले अडवू नोको.”

तो गेला असता तर आमच्या तालुक्यात संघटना म्हणून मी आणि एक सायक्लोस्टाईलचं मशीन उरलो असतो. मशीनलाही शाई नव्हती.

खेळ असा होता. शंभरेक वर्षांनंतरचं जग. सगळं बी, सगळा कापूस, सगळं पाणी एका यंत्राच्या ताब्यात. खेळणारे आत आले की दार बंद. समोर भिंतीला यंत्र, त्याला एक खिडकी, आणि तिच्यामागं भोंगा घेऊन मित्र. बाजूला प्लास्टिकच्या खोलीत कोंडलेली शास्त्रज्ञ बाई, म्हणजे मी. माझ्याकडे यंत्र बंद करायची किल्ली. खेळणाऱ्यांपैकी एकाला गुपचूप चिठ्ठी, की तू कंपनीचा माणूस. यंत्र भोंग्यातून हुकूम सोडणार. नंबरनं या. कागद दाखवा. हा कागद चालत नाही. परत जा. आणि सगळी मेख अशी की यंत्राचं ऐकून काहीच होणार नव्हतं. जितकं ऐकाल तितके लाल दिवे लागत जाणार, म्हणजे हवा संपत चालली. सुटायची वाट एकच, खिडकी फोडणं; ती फुटली तरच माझी किल्ली चालणार.

यंत्र बांधलं दिग्रसच्या एका वेल्डिंगवाल्या चाचांनी. पत्र्याचा ड्रम, ट्रकचे मागचे दिवे, ट्रॅक्टरची बॅटरी, एक जुना भोंगा. खिडकी फोडायची आहे हे ऐकल्यावर ते आमच्याकडे बघत राहिले.

“तोडनेकेच वास्ते बनाना है तो लोहा कायकू? प्लाय लगाते.” त्यांनी प्लायला मागून करवतीच्या खाचा मारल्या, वरून चंदेरी रंग दिला, आणि म्हणाले, “एक लात में जाएंगा. गॅरंटी.”

ती लाथ पुढं कोणी मारलीच नाही.

पहिला प्रयोग बाभुळगावला, शाळेच्या हॉलमध्ये. कॉलेजची मुलंमुली होती. कंपनीचा माणूस त्यांनी दार लागायच्या आतच ठरवून टाकला, ज्यानं गॉगल घातला होता तो. तो नव्हता. तरी त्याला कोपऱ्यात बसवलं. मग यंत्र म्हणालं, कागद दाखवा. मला वाटलं, आता चिडतील. एका मुलीनं वहीचं पान फाडलं, पाठीवर ठेवून लिहायला मैत्रिणीला वाकवलं आणि यंत्राला अर्ज लिहिला. ‘मा. यंत्र साहेब यांचे सेवेशी’. खाली सगळ्यांच्या सह्या, गॉगलवाल्याचीसुद्धा. लाल दिवे लागत होते आणि मागून त्यांचे सर सांगत होते, “गोंधळ नको, गोंधळ नको, एकानंच बोला.” खिडकीच्या फटीतून अर्ज आत गेला. माझ्या मित्रानं तो घेतला. घेतला म्हटल्यावर सगळे खूश होऊन घरी गेले. खेळ जिंकलो असं त्यांना वाटलं.

दुसरा पांढरकवड्याला, हायवेवरच्या ट्रान्सपोर्टच्या गोदामात. खेळायला ड्रायव्हर, क्लीनर, गॅरेजवाले आणि बाजाराला आलेले चार-दोन जण. तिथं कंपनीच्या माणसानं आल्याआल्याच हात वर केला. “मी हाय भाऊ. चिठ्ठी मलेच भेटली.” खेळ तिथंच संपायला हवा होता. पण लोक त्याच्याभोवती जमले.

“कंपनीत हायस? मंग माह्या पोट्ट्याले लावून दे ना.”

“किती शिकला?”

“दहावी नापास.”

“पाहतो,” तो माणूस म्हणाला. तो पंक्चरवाला होता, पण त्यानं ते इतकं गंभीरपणे म्हटलं की माझा क्षणभर विश्वास बसला.

एक ड्रायव्हर तेवढ्यात खिडकीशी गेला आणि नोटेची घडी फटीतून आत सारली. “साहेब, चाय-पानी.” मित्र आत घोटाळला. हे त्यानं योजलं नव्हतं. त्यानं नोट परत बाहेर ढकलली. ड्रायव्हरनं मान हलवली, कमी पडली म्हणाला, आणि तीत दुसरी घालून पुन्हा आत सारली. नंतर आम्ही त्याला पैसे परत द्यायला गेलो तर तो घेईना. “काम झालं नाई म्हनून वापस करता काय? असा मानूस पह्यल्यांदा पाह्यला.”

 परतीच्या बसमध्ये मी म्हटलं, दिग्रस बाकी आहे. मित्र म्हणाला, “हो, हाय ना,” आणि खिडकीबाहेर कापसाच्या पराट्या बघत राहिला.

दिग्रसला गावाबाहेरची एक बंद जिनिंग, कापसातून सरकी काढायची गिरणी, मिळाली. कधीकाळी तिथं सरकारी खरेदी केंद्र भरायचं. फाटकावर त्याची पुसट पाटी अजून होती. त्या वर्षी वेचणी होऊन महिना उलटला तरी केंद्रं उघडत नव्हती. घराघरांत कापूस छतापर्यंत गेलेला. माणसं कापसावरच झोपत होती आणि अंग खाजवत उठत होती. आज उघडतं, उद्या उघडतं, अशी रोज नवी हूल. शेवटी यवतमाळ रोडवर एकच केंद्र उघडलं आणि त्याच्यापुढं बैलबंड्यांची लाईन सडकेनं वळणापलीकडे गेली. एक केंद्र. एवढ्या मुलखाला एक. असल्या कारभाराला पत्रकात काय विशेषण लावायचं ते मला तेव्हा येत होतं, आता येत नाही.

जिनिंगचं आवार मोठं, म्हणून यंत्र आम्ही शेडच्या तोंडाशी लावलं आणि भोंगा वर बांधला. दुपार कलल्यावर लोक आले. जिनिंगमध्ये पूर्वी सरकी निवडणाऱ्या बाया, शेतकरी, बाजारातले हमाल. फाटक लागलं. भोंगा खरखरला.

“नंबरनं या.”

सगळ्यांत पुढं एक बुढी होती. तिनं इकडंतिकडं पाहिलं, पायाशी पडलेला गोटा उचलला, खिडकीसमोर ठेवला आणि त्याच्या बाजूला टेकली. मागच्यानं आपली चप्पल ठेवली. त्याच्या मागच्यानं वीट. बघता बघता लाईन लागली, शेडपासून फाटकापर्यंत, आणि काय सुंदर लाईन. बायांची वेगळी, बाप्यांची वेगळी. कोणी चहाला उठला तर त्याचा गोटा बसून राहायचा. कोणी मधे घुसला तर भांडण, पण भांडणही शिस्तीत, आपली जागा न सोडता.

प्लास्टिकच्या मागून मी बुढीला हळूच म्हटलं, “माय, हा खेळ आहे.” शास्त्रज्ञ बाईनं बोलायचं नव्हतं, पण मला राहवलं नाही.

“मालूम हाय वं मले,” ती म्हणाली. “खेळात काय नंबर लावा नाई लागत?”

मागून एकानं विचारलं, “ते बाई कोन हाय आत?”

“तिचं काय घेऊन बसला. तिचा नंबर आतूनच लागला.”

“वळखीची असन.”

लाल दिवे एकेक लागले. लोकांनी वर पाहिलं. “आता लाईन जाते वाटते,” कोणीतरी म्हणालं, वीज जायची वेळ झालीच होती, आणि त्या एका वाक्यात आमचं हवा संपणं संपलं. भोंगा नंबर पुकारत होता. नंबर एक, पुढे या. कागद दाखवा. हा कागद चालत नाही. बुढी तक्रार न करता उठायची, गोटा जागेवरच ठेवून लाईनीच्या शेवटी जाऊन बसायची. मित्राचा आवाज चढत गेला. तो आत अक्षरशः चिडवत होता लोकांना. मूर्खपणाचे हुकूम देत होता. उजव्या पायावर उभे राहा म्हणाला, तर राहिले. हसत राहिले, पण राहिले.

दिवस बुडायच्या आत यंत्रानं शेवटचं वाक्य म्हटलं. “आजचं काम संपलं. उद्या या.”

लोक उठले, ढुंगणावरची माती झटकली आणि निघाले. गोटे मात्र फाटकाबाहेर नेऊन, त्याच क्रमानं, सडकेच्या कडेला ठेवून गेले. मला वाटलं, गंमत करतायत.

मित्र ड्रमच्या मागून आला. घामानं भिजला होता. “मी आत मेलो असतो तरी ते बसून राह्यले असते,” तो म्हणाला. “उद्याची दुपारची गाडी हाय.” मी अडवलं नाही. तसं ठरलं होतं.

सकाळी चाचा, तो आणि मी यंत्र सोडवायला गेलो. मित्राच्या खांद्याला त्याची बॅग. वळणावरूनच मला बैलांच्या घुंगरांचा आवाज आला आणि वाटलं, बाजार असेल.

गोट्यांच्या मागं बंड्या उभ्या होत्या. खऱ्या. कापसानं शिगोशीग भरलेल्या, वरून जुनी लुगडी बांधलेल्या. फाटकापासून लाईन लागली होती आणि शेतांमधून आणखी येत होत्या. बंद जिनिंगवर काल नंबर पुकारले, ही खबर एका रात्रीत गावोगाव गेली होती. भोंगा सडकेवर ऐकू गेला होता. लाईनीतले गोटे ज्यानं त्यानं डोळ्यांनी पाहिले होते. या मुलखात खरेदी सुरू झाल्याचा याहून मोठा पुरावा नसतो.

पहिल्या बंडीवर पांढऱ्या मिशांचा, हाडापेरानं मजबूत माणूस बसला होता. मी त्याला म्हटलं, “काका, इथं खरेदी नाही.”

“काल तं होती.”

“काल खेळ होता.”

त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “बाई, मी यवतमाळ रोडवर तिसऱ्या नंबरवर होतो. तिथून बंडी काढून इकडं आलो. माह्या कानानं भोंगा ऐकला अन् तू सांगतं खेळ होता.”

“खरंच सांगते.”

“तिथला ग्रेडरबी असंच खरं सांगते. म्हने इथं नाई, तिथं जा. तिथं गेलं का तिथला म्हनते, इथं कोनं पाठवलं?” मागचे हसले. “तुमी कोन पन?”

मी पिशवीतून पत्रक काढून दिलं. त्यानं ते लांब धरून वाचलं. “हे तं मागच्या सालचंच हाय.”

मी लाईनीच्या शेवटापर्यंत गेले, प्रत्येक बंडीशी तेच सांगत. कोणी उठलं नाही. काही जण मला समजूतदारपणे सांगत होते, की ताई, तुम्ही जा, आम्ही बसतो, उघडेल तेव्हा उघडेल. इथं काही नाही हे मी जितकं ओरडून सांगत होते तितकी त्यांची खात्री पटत होती. कारण जिथं काहीतरी असतं तिथंच कोणीतरी उभं राहून नाही म्हणतं. हे त्यांना कोणी शिकवलं? आम्ही नाही शिकवलं. ज्यांनी शिकवलं त्यांना पगार मिळतो.

चाचा फाटकाला टेकून बिडी ओढत होते. “बेटी, तुम्हारा नै सुनेंगे,” ते म्हणाले. “उसका सुनेंगे.” आणि बिडीनं यंत्राकडे खूण केली.

“मी नाई बोलत त्यातून,” मित्र म्हणाला.

“तो फिर खडे रहेंगे दो दिन. बैलां को पानी कौन पिलाता?”

मित्रानं बॅग खाली ठेवली.  मग ड्रमच्या मागं गेला, खिडकी लावून घेतली, आणि भोंगा खरखरला.

“सूचना. या ठिकाणी कापसाची खरेदी होणार नाही. सर्वांनी आपापल्या बंड्या परत न्याव्यात.”

एकही प्रश्न आला नाही. माझं घसा कोरडा होईपर्यंतचं सांगणं ज्यांच्या कानाआड गेलं, ते उठले, बैल जुंपायला लागले. शेवटच्या बंड्या वळायलाही लागल्या. मिशीवाला काका तेवढा उतरून खिडकीशी आला.

“मंग कवा होईन?” त्यानं यंत्राला विचारलं.

 आतून आलं, तीन प्रयोगांच्या सवयीनं, त्याच आवाजात, “उद्या या.”

माझ्या मित्राला ते म्हणायचं नव्हतं. जीभच तिकडं वळली. पण काकांनी ते ऐकलं, मागं फिरले, फाटकाबाहेरून लाईनीतला पहिला गोटा, बुढीचा, उचलून आणला आणि खिडकीवर हाणला.

प्लाय खाचांवर बरोबर दुभंगला. लाल दिव्यांपैकी एक फुटला. चाचा म्हणाले, “देखो, बोला था,” आणि त्यांच्या आवाजातला आनंद त्यांना लपवता आला नाही.

भोकातून मित्राचं तोंड दिसत होतं. कपाळावर खरचटलेलं, केसांत लाकडाचा भुसा. बंड्या वळवणारे थांबून बघायला लागले. काका दुसरा गोटा घ्यायला वाकले होते, ते तसेच थबकले.

“आत मानूस हाय काबे?”

“हाय,” मित्र म्हणाला.

“लागलं काय?”

“थोडंसं.”

“मंग बोलत काहून नाई मानसासारखा? मले वाटलं टेप लावून गेले भोकनीचे.” काकांनी गोटा टाकला, पण राग टाकला नाही. “माहा तिसरा नंबर गेला ना तुमच्या या तमाशापायी. आता कोन लावन तो? तुहा बाप?”

मी मित्राकडे बघत होते. तीन गावं फिरून ज्याची वाट पाहिली ते झालं होतं. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी शिकवलं नव्हतं, आणि यंत्र फुटलं होतं. त्याच्या तोंडावर काहीच नव्हतं. मलाही काही वाटलं नाही, एवढंच की प्लास्टिकची खोली आता सोडवायला हवी.

“मी लावतो नंबर,” तो म्हणाला.

“तू?”

“चाला.”

तो त्याच भोकातून बाहेर आला, कारण गोट्याच्या दणक्यानं सरकलेल्या ड्रमनं मागची वाट अडवली होती, आणि बंडीवर जाऊन बसला. बॅग तिथंच राहिली. ती घेऊन मी मागून चालत गेले.

यवतमाळ रोडवरच्या लाईनीत त्यांना कुठं जागा मिळाली ते सांगत नाही. वळणाच्या पलीकडे, एवढं पुरे. बैल सोडून काका घराकडे निघाले. घरी म्हैस अडलेली होती. जाताना पुढच्या-मागच्या बंडीवाल्यांना ओरडून सांगून गेले, “ह्या यंत्रावर ध्यान ठेवा. लाईन सरकली का बंडी ढकलायले लावा. झोपला त उठवा.” तेव्हापासून त्या लाईनीत त्याचं नाव यंत्रच पडलं. ए यंत्र, बिडी हाय काय. ए यंत्र, उद्या येऊ का आजच बसू?

दुपारी यवतमाळची गाडी आली. बंड्यांनी सडक अर्धी अडवलेली, म्हणून ती आमच्याजवळ येऊन रेंगाळली, इतकी की कंडक्टरनं दार उघडून विचारलं, “येता काय कोणी?” बॅग माझ्या हातात होती. नेमकी तेव्हाच पुढची बंडी सरकली. मित्र खाली उतरला, मागच्या दोघांना हाक मारली, आणि तिघांनी मिळून धुरा धरून कापसाची बंडी एका बंडीएवढी पुढं ढकलली. तोवर गाडी गेली.

तो धापा टाकत आला. बंडीच्या सावलीतली जमीन ओली होती. कोणाच्या तरी बैलानं केलेली.

“कावं, पत्रकं उरली काय तुह्याजवळ?”

“आहेत. वाटायची?”

“नाई,” तो म्हणाला. “बसाले.”

मी गठ्ठा सोडला. त्याला अर्धी दिली, अर्धी मी घेतली.